निळ्या घराचे अठरा दिवस

नवं राज्य झालं आणि आमच्या रायपूरला राजधानीचं वारं लागलं. कालपर्यंत जो माणूस टपरीवर बसून माशा मारत होता, त्याने 'राजधानी पान पॅलेस' अशी पाटी लावली. राजधानी टेलर्स, राजधानी आटाचक्की, राजधानी हेअर कटिंग. भोपाळहून साहेबलोक आले, शंकर नगरात त्यांच्यासाठी बंगले शोधले जाऊ लागले, आणि ज्यांच्या घरात दोन खोल्या जास्तीच्या होत्या ते सगळे एकदम छाती काढून चालायला लागले. फाटकांच्या खांबांवर सिमेंटचे सिंह बसले. घरांना चॉकलेटी, शेंदरी, जांभळे रंग चढले. आमच्या गल्लीतल्या एका भैयांनी तर घराला खाली मरून आणि वर पिस्ता दिला, आणि रोज संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे खुर्ची टाकून ते स्वतःचंच घर पाहत बसायचे. मी येता-जाता त्यांना हसायची.

त्याच धामधुमीत आमचंही घर बांधून झालं. बाबा रेल्वेत होते. शंकर नगरच्या मागच्या अंगाला त्यांनी कधीकाळी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तेव्हा तिथे धानाची शेतं होती आणि नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. निवृत्त व्हायच्या वर्षी त्या जागेवर तीन खोल्या आणि एक जिना उभा राहिला. फार काही नव्हतं, पण आमचं होतं, आणि मुख्य म्हणजे त्याच्या भिंती रेल्वेच्या नव्हत्या.

रेल्वेच्या भिंती काय चीज असते ते सांगायला हवं. आई लग्न होऊन वर्ध्याकडून आली ती थेट क्वार्टरमध्ये शिरली. तिथे एकच रंग, सरकारी पिवळा. दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदाराची माणसं बादल्या घेऊन यायची आणि जे दिसेल त्याला पिवळा फासून जायची. खिळ्यांना, बटणांच्या बोर्डाला, कोपऱ्यातल्या पालीच्या अंड्यांनाही. आई पदर खोचून त्यांच्या मागे मागे फिरायची. "अरे भैया, थोडा हल्का करो ना." भैया म्हणायचा, "ऊपर से यही आया है." बत्तीस वर्षं माझ्या आईच्या घराचा रंग वरून आला.

म्हणून घर झाल्यावर बाबांनी तिला विचारलं, "बोल, रंग कोणता द्याचा?" बाबांची विचारायची पद्धत अशी की उत्तर त्यांच्या खिशात तयार असायचं. त्या दिवशी खिशात क्रीम होता. क्रीम हा माझ्या मते रंगच नाही. ज्यांना काही ठरवायचं नसतं त्यांच्यासाठी तो डब्यात भरून विकतात. पण आईने खिशाकडे लक्षच दिलं नाही. "फिका निळा," ती म्हणाली. "बाहेरूनही, अन् बैठकीतही." हे उत्तर तिने किती वर्षं सांभाळून ठेवलं होतं कुणास ठाऊक.

हा निळा आला कुठून, ते मला माहीत होतं. क्वार्टरमध्ये आमच्याकडे भांडी घासायला एक बाई यायची. तिच्या नातवाच्या छठीला, म्हणजे सहाव्या दिवसाच्या समारंभाला, आई ऐन मे महिन्यात तिच्या गावी गेली होती. इकडच्या खेड्यांत दिवाळीच्या आधी चुन्यात नीळ कालवून मातीच्या भिंती पोततात. त्या बाईच्या ओसरीत आई दुपारभर बसली आणि परत आल्यावर कितीतरी दिवस सांगत राहिली, "इतकं गार वाटून राहिलं होतं त्या भिंतीपाशी, माहे डोळे निवले." मी तेव्हा कॉलेजात होते. कामवालीच्या घराचा हेवा करणारी आई मला फार गमतीची वाटली होती. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी पुष्कळ जणांना नावं ठेवणार आहे.

पेंटर बीरगांवहून सायकलवर यायचा. गरीब स्वभावाचा माणूस. आईने त्याला आठवडाभर नाचवलं. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये निळ्या रंगाची नळी किती पिळायची यावर दोघांची रोज चर्चा व्हायची. तिने त्याच्याकडून बैठकीच्या भिंतीवर तळहाताएवढे सात तुकडे रंगवून घेतले. सकाळी पाहायची, दुपारी पाहायची, दिवे लागले की पुन्हा पाहायची. "हा धोब्याकडचा दिसून राहिला." "हा आजारी आहे." सातव्यापाशी ती थांबली आणि पेंटरचा जीव भांड्यात पडला. "हव दीदी," तो म्हणाला, "ए हर बने हे." म्हणजे हा छान आहे.

घर रंगून झालं त्या दिवशी आई फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली आणि कितीतरी वेळ नुसती पाहत होती. रस्त्यापलीकडे खुर्ची टाकणाऱ्या भैयांना मी हसायची, पण आईला हसले नाही. तिचा चेहरा पाहून मला फार बरं वाटलं. या बाईने याआधी कधी काही मागितल्याचं मला आठवेना, आणि त्याची लाजही वाटली.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी नागपूरहून मोठे काका आले, बाबांचे थोरले भाऊ. तीस वर्षं त्यांच्या लेखी रायपूर म्हणजे जंगल होतं. "भाऊ माहा तिकडे जंगलात राह्यते," असं ते लग्नाकार्यात सांगायचे. राजधानी झाल्यावर त्यांचं बंधुप्रेम एकाएकी उतू गेलं, आणि आले की पहिल्यांदा प्लॉटचे भाव विचारायचे. त्या दिवशी मात्र ऑटोतून उतरले आणि भाव विचारायचे राहून गेले. हातातली पिशवी खाली न ठेवता त्यांनी आमचं घर वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा रंग काहून देल्ला?"

"हिची पसंती," बाबा म्हणाले.

काका आत आले, चहा प्याले, बैठकीच्या भिंतीकडे पाहिलं, पुन्हा चहा मागितला. मग बाबांना घेऊन गच्चीवर गेले. मी तिथे वाळलेले कपडे काढत होते. काकांच्या हिशेबी मुलींना कान नसतात, त्यामुळे मला सगळं नीट ऐकायला मिळालं.

"लोक काय समजतीन?" काकांनी सुरुवात केली.

"काय समजतीन? गार वाटते घरात. उद्या दुपारी पाह्य तू."

"तसं नाही म्हणून राहिलो मी. निळा आहे ना हा."

"हो, निळाच आहे. फिका आहे."

"अरे, पण निळा कोणाचा असते?"

बाबा खरोखरच विचारात पडले. तीस वर्षं रायपुरात राहून त्यांची ही शिकवणी मागे पडली होती. "कोणाचा म्हणजे? हिनं निवडला."

शेवटी काकांना तो शब्द तोंडाने उच्चारणं भाग पडलं. आसपास मराठी कळणारा एक माणूस नव्हता, तरी त्यांनी आवाज इतका खाली आणला की मला चादर झटकायची थांबवावी लागली. "बौद्ध समजतीन ना बे आपल्याले. बौद्ध." मग त्यांनी निळ्या झेंड्यांचं, निळ्या कमानींचं, नागपुरातल्या वस्त्यांचं सगळं समजावून सांगितलं. आणि त्याच्यापुढे आमचं आडनाव. आमचं आडनाव असं आहे की विदर्भात ते चार-पाच जातींत सापडतं, आणि ते ऐकून समोरच्याचं समाधान होत नाही. "आडनाव हे असं, त्याच्यावर घर निळं," काका म्हणाले. "पाहुणे फाटकातूनच परत जातीन."

पाहुणे म्हणजे मला पाहायला येणारे. तीन आठवड्यांनी ते नागपूरहून यायचे होते. स्थळ काकांनीच आणलं होतं. मुलगा बँकेत होता.

आमची जात कोणती ते मी इथे लिहीत नाही. ती लिहून वाचणाऱ्याचा गैरसमज वेळीच दूर करावा असं मलाही वाटून गेलं, आणि काकांना वाटत होतं ते याहून काही वेगळं नव्हतं.

यातली खरी मजा अशी की रायपुरात हे कोणाच्या गावीही नाही. इथल्या खेड्यात सरपंचाचं घर निळं, गवळ्याचं निळं, गुरुजींचं निळं. नीळ स्वस्त मिळते, संपला विषय. भिंत पाहून माणसाची जात ओळखायची विद्या आम्हा मराठी लोकांनाच येते, आणि ती आम्ही लोणच्याच्या बरणीसारखी मांडीवर घेऊन इथवर आणली. बरं, बाबांचे रेल्वेतले जिवाभावाचे मित्र बौद्ध होते. गोंदियाचे. वीस वर्षं दोघं एकमेकांच्या डब्यातलं खात आले होते. त्यांचं स्वतःचं घर गुलाबी होतं.

आता बाबा या मित्राचा दाखला देऊन काकांचं तोंड बंद करतील म्हणून मी चादर पोटाशी धरून वाट पाहिली. बाबांनी कठड्यावर हात ठेवले. मग म्हणाले, "क्रीम देऊन टाकू का मंग?"

दुसऱ्या दिवशी निळ्या घरातच वास्तुशांती झाली. बाबांचे मित्रही सहकुटुंब आले होते. बैठकीत मांडी घालून जेवता जेवता ते आईला म्हणाले, "वहिनी, डोळ्याले लय गार वाटते हा रंग." आईला आणखी काय हवं होतं? तिने त्यांच्या पानात न विचारता दोन पुरणपोळ्या वाढल्या. काका पलीकडच्या कोपऱ्यात मान खाली घालून भात कालवत होते.

जेवायला आलेली मंडळी गेल्यावर संध्याकाळी घरच्यांची पंगत बसली तेव्हा काकांनी विषय काढला. धाकट्या भावाच्या बायकोशी ते थेट बोलत नसत, तशी आमच्यात रीत होती. त्यामुळे ते सगळं माझ्याशी बोलले, आणि आई वाढता वाढता ऐकत होती. "पोरी, तुह्याच भल्यासाठी सांगून राहिलो. लग्न होऊन जाऊ दे, मंग तुह्या मायले जांभळा द्याचा तर जांभळा देईन म्हणा."

"घर माहं आहे," आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मले कोणी पाहाले नाही येऊन राहिलं." मग वरणाचं पातेलं हातात धरून ती माझ्याकडे वळली. "तू सांग. तुले काय वाटते?"

मी सव्वीस वर्षांची होते. खासगी शाळेत शिकवत होते. स्वातंत्र्य, समता हे शब्द फळ्यावर लिहून पोरांकडून पाठ करून घेत होते. त्या मुलाचा फोटो माझ्या पुस्तकात होता आणि तो मी दिवसातून दोन-तीनदा काढून पाहत होते, तेही खरं. अडचणीत सापडले की मी हिंदीत शिरायची. आमच्या पिढीची ही सवयच, हिंदीत बोललेलं आपल्याला कमी लागतं. मी म्हणाले, "क्रीम भी अच्छा लगेगा, आई."

आईने माझ्या भातावर वरण वाढलं आणि ती पुढे गेली.

पेंटरला परत बोलावलं. तो सायकल टेकवून भिंतीकडे पाहत राहिला. "बने दिखत हे दीदी," तो म्हणाला, "काबर बदलथव?" म्हणजे कशाला बदलता? आई अंगणात तांदूळ पाखडत होती. "ऊपर से आया है," तिने सांगितलं. त्या बिचाऱ्याने मान वर करून गच्चीकडे पाहिलं. क्रीम काही सुखासुखी बसेना. दोन हात दिले तरी दुपारच्या उन्हात खालून निळा दिसायचा, आणि काका नागपूरहून फोनवर विचारायचे, "झाकल्या गेला का?" तिसरा हात दिला तेव्हा कुठे तो गेला. सगळे मिळून अठरा दिवस आमचं घर निळं होतं.

पाहुणे आले. चिवडा आणि आलुबोंडे खाल्ले. होणाऱ्या सासूबाईंनी भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्या पंख्याखालची खुर्ची शोधत होत्या. लग्न ठरलं. काकांनी सगळ्या नात्यात सांगितलं की त्यांनी वेळेवर लक्ष घातलं म्हणून निभावलं. लग्नानंतर वर्षभराने मी सासऱ्यांजवळ सहज विषय काढला, तर ते हसायला लागले. "कोणता रंग? अवं, तुमच्याकडे निघाच्या आधीच आम्ही तुमच्या मूळ गावी माणूस पाठवला होता. पटवाऱ्याकडचे जुने कागद पाहून आला तो." म्हणजे ज्यांच्यासाठी माझ्या आईचं घर पुसून काढलं, ते भिंतीसारख्या फालतू पुराव्यावर विसंबणारे लोकच नव्हते. त्यांचं काम पक्कं होतं.

लग्नाच्या आधीची एक गोष्ट राहिली. बाबांचे मित्र पत्रिका न्यायला आले तेव्हा घर क्रीम झालं होतं. बैठकीत शिरले आणि थबकले. "वहिनी, मागच्या टाइमाले निळा होता ना?"

आई काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "हो, तो, डाग दिसत होते त्याच्यावर."

त्यांनी बाबांकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. "हो," ते शांतपणे म्हणाले, "निळ्यावर डाग लवकर दिसते लोकायले." चहा घेतला, पत्रिका घेतली, लग्नालाही आले, भारी साडी दिली मला. पण आमच्या घरी ते पुन्हा जेवायला बसले नाहीत. मला त्या दिवशी इतकी शरम वाटली की मी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरात गेले ती बाहेर आलेच नाही. बाबांचा मला मनस्वी संताप आला होता. बाबांवर संतापणं सोयीचंही होतं.

पुढे पुष्कळ वर्षांनी नवऱ्याची बदली रायपूरला झाली आणि आम्ही शहराबाहेर वसवलेल्या नव्या रायपुरात फ्लॅट घेतला. तिकडचे रस्ते असे रुंद की पलीकडे कोणी उभं असलं तरी ओळखू येऊ नये, आणि उभं कोणी नसतंच. बस तासातून एक. आमच्या आठ मजली इमारतीत चार-पाच घरांत दिवे लागायचे, बाकी सगळा अंधार. बाबा तोवर गेले होते. आई त्या क्रीम घरात एकटी राहत होती. मध्यंतरी बाबांनी एकदा पुन्हा रंगाचं काम काढलं होतं आणि तिला विचारलंही होतं. ती म्हणाली होती, "जो आहे तोच द्या."

तोवर ही गोष्ट माझी कितीतरी ठिकाणी सांगून झाली होती. शाळेच्या स्टाफरूममध्ये, भिशीत, नवऱ्याच्या मित्रांसमोर. काकांचा गच्चीवरचा दबका आवाज मी हुबेहूब काढायची आणि बायका हसून हसून लोळायच्या. काका किती मागासलेले, बाबा किती पुचाट. सांगता सांगता मी स्वतःला फारच पुढारलेली समजायला लागले होते. म्हणून फ्लॅट रंगवायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं की या वेळी आईची भरपाई करायची. नवऱ्यालाही सांगून ठेवलं की मध्ये बोलायचं नाही.

आई दोन बस बदलून आली. पेंटर रंगांचं कार्ड घेऊन उभा होता. मी जरा समारंभानेच म्हणाले, "आई, या घराचा रंग तू सांगायचा."

"मी काहून? घर तुमचं आहे."

"नाही, तूच सांग. जो म्हणशील तो."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग चष्मा लावला, कार्ड खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, पानं उलटत राहिली. फार वेळ घेतला तिने. एका चौकोनावर बोट ठेवलं, पुढे गेली, परत त्याच चौकोनावर आली. "हा," ती म्हणाली. मी न पाहताही सांगितलं असतं. बैठकीतला तो सातवा तुकडा.

"बढ़िया है माताजी," पेंटर म्हणाला, "ठंडा कलर है."

आणि मला पुढच्या महिन्यातली वास्तुशांती दिसली. लिफ्टमधून बाहेर पडून दारात थांबलेल्या सासूबाई, नणंद, नागपूरचे सगळे. सासरचं आडनावही आमच्यासारखंच, चार-पाच जातींत सापडणारं. माझी मुलगी तेव्हा नववीत होती, पण डोकं किती भराभर पुढची वर्षं मोजून येतं ते त्या दिवशी कळलं. मी म्हणाले, "छान आहे आई. फक्त वास्तूला नागपूरचे सगळेच येणार आहेत, तर हा आपण आतल्या खोलीत देऊ या का?"

आईने चष्मा काढला, घडी करून डबीत ठेवला. ती रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं म्हणून तिने विचारलं.

"मंग मले विचारलं काहून?"

पेंटर वही उघडून थांबला होता. मी त्याला बैठकीसाठी क्रीम लिहायला सांगितलं.